डावीकडचा रिकामा रकाना

कुणाचाही प्रबंध माझ्याकडे मांडणीसाठी आला की पहिलं पान वाचायच्या आधी मी वर्डमधला नेव्हिगेशन पेन उघडते. व्ह्यू मेनूत जाऊन एका चौकोनात टिक केली की पानाच्या डाव्या अंगाला एक अरुंद रकाना उघडतो. फाइलमधली सगळी हेडिंग्ज तिथे एकाखाली एक दिसायला हवीत, तीही आपापल्या पायरीवर: प्रकरण, त्याच्या पोटात उपप्रकरण, त्याच्याही आत मुद्दा. बहुतेक वेळा तो रकाना रिकामा असतो. अडीचशे-तीनशे पानांचा मजकूर, कित्येक वर्षांची वणवण, आणि त्या रकान्यात एक ओळ नाही.

पानावर मात्र हेडिंग्ज असतात. ठळक, मोठी, अधोरेखित, मध्यभागी आणलेली. लिहिणाऱ्याने एकेक ओळ निवडून जाड केलेली असते, आकार अठरा केलेला असतो, कधी रंगही दिलेला असतो. त्यामागची मेहनत खरी आहे आणि छापील पानावर डोळ्याला ते हेडिंग दिसतंही. फाइलच्या लेखी मात्र तो इतरांसारखाच एक परिच्छेद आहे, फक्त त्यातली अक्षरं जाड आहेत. कुठला मुद्दा कुणाच्या पोटात आहे, कुठलं प्रकरण कुठे संपतं, याची फाइलला काहीच खबर नसते.

मी या गोष्टीचा इतका आग्रह का धरते, असं विद्यार्थी विचारतात. माझं उत्तर साधं आहे. एवढं मोठं लिखाण सलग वाचणारे थोडे. बाकीचे त्यात शोधत येतात. गाइड येतात, परीक्षक येतात, वीस वर्षांनी एखादा अनोळखी अभ्यासक येतो. त्यांना वाट सापडावी म्हणून लिहिणाऱ्याने आपल्या विचाराची बांधणी उघड करून ठेवायची असते, आणि हेडिंग ही त्याची जागा आहे. ती बांधणी नुसती दिसून भागत नाही. फाइललाही ती कळावी लागते, कारण आता वाचक फाइलच्या आधारानेच वाट काढतो.

करायचं असतं ते फारच थोडं. ओळीवर कर्सर ठेवायचा आणि होम मेनूतल्या स्टाइल्समधून 'हेडिंग १' निवडायचं, किंवा कंट्रोल, ऑल्ट आणि १ एकत्र दाबायचे. उपप्रकरणाला २, त्याच्या आतल्या मुद्द्याला ३. बस. दिसणं आवडलं नाही तर ती स्टाइल एकदा बदलायची, सगळीकडची हेडिंग्ज एका दमात बदलतात. अनुक्रमणिका हाताने टाइप करावी लागत नाही. बाइंडिंगच्या आदल्या रात्री गाइडनी दुसऱ्या प्रकरणात चार पानं वाढवायला सांगितली, तर पानांचे क्रमांक बोटाने मोजत बसावं लागत नाही; अनुक्रमणिकेवर जाऊन एफ ९ दाबला की झालं. हाताने टिंबं टाकून केलेली अनुक्रमणिका आणि त्यातले चुकलेले पृष्ठक्रमांक यांनी रडकुंडीला आलेली मुलं मी पाहिली आहेत. चार वर्षं टिच्चून काम केलेल्या माणसावर शेवटच्या रात्री ती वेळ येऊ नये असं मला मनापासून वाटतं.

हे सगळं संगणकाचं खूळ आहे असं ज्यांना वाटतं त्यांना मी पोथ्या पाहायला सांगते. पुण्यात राहणाऱ्याला त्यासाठी लांब जावं लागत नाही. १९१० साली स्थापन झालेलं भारत इतिहास संशोधक मंडळ आहे, १९१७ सालची भांडारकर संस्था आहे. दोन्हीकडे हस्तलिखितांचे मोठे संग्रह आहेत. पोथीला शिवण नसते. सुटी, आडवी पानं, वरखाली लाकडी फळ्या, आणि सगळं कापडात बांधलेलं. कापड सोडताना पानं हातातून निसटली तर कुठलं पान कुठल्या ग्रंथाचं हे कसं कळणार? ही अडचण लेखकूला, म्हणजे पोथी हाताने नकलून काढणाऱ्याला, पक्की ठाऊक होती. म्हणून पानाच्या मागच्या बाजूला, डावीकडच्या समासात वर, तो ग्रंथाचं नाव दोन-तीन अक्षरांत आखडून लिहायचा आणि त्याखाली पानाचा क्रमांक टाकायचा. उजवीकडच्या समासात खाली पुन्हा क्रमांक, आणि बऱ्याच पोथ्यांत त्याच्यासोबत 'राम' किंवा 'गुरु'. आज वर्डमध्ये पानाच्या वरच्या कडेला दोनदा क्लिक करून आपण जो हेडर उघडतो, त्याचं काम तेव्हा त्या समासातल्या दोन अक्षरांवर होतं.

हेडिंगचं मात्र पोथीत उलटं होतं. सुरुवातीला 'श्रीगणेशाय नमः' आणि लगेच मजकूर. अध्यायाचं नाव यायचं शेवटी, पुष्पिकेत म्हणजे समाप्तीच्या ओळीत: इति श्री अमुक ग्रंथे, अमुक नाम, प्रथमोऽध्यायः. आणि मजकूर तर सलग. शब्दांमध्येही जागा सोडलेली नसायची. मग शोधणाऱ्याने पुष्पिका हुडकायची कशी? लेखकूने त्याचीही सोय केलेली असते. तेवढ्याच ओळीवरून गेरूचा किंवा हिंगुळाचा हात फिरवलेला असतो, किंवा ती अक्षरंच लाल शाईने लिहिलेली असतात. काळ्या ओळींच्या गर्दीत तो तांबूस पट्टा लांबूनही दिसतो. मी पाहिलेल्या एका पोथीत दोन दंडांच्या, म्हणजे ओवीअखेरच्या उभ्या रेघांच्या, मधल्या जागेवरही तसाच गेरू फिरवलेला होता, ओवीक्रमांक सापडावा म्हणून. ठळक अक्षराची सोय नसलेल्या काळात त्या माणसाने रंगाच्या दोन पायऱ्या केल्या होत्या, अध्यायाला रुंद पट्टा आणि ओवीला छोटा ठिपका, आणि शेवटच्या पानापर्यंत त्यांत फरक पडू दिला नव्हता. स्टाइल म्हणजे याहून वेगळं काय? एका पायरीला एक रूप, आणि त्याला शेवटपर्यंत इमान.

सुट्या पानांची अडचण आपण मागे टाकली असं वाटतं, पण तसं झालेलं नाही. महाराष्ट्र शासनाचा कुठलाही शासन निर्णय उघडून पाहा. पहिल्या पानावर विषय, विभागाचं नाव, क्रमांक, तारीख. मग 'वाचा', 'प्रस्तावना', 'शासन निर्णय' अशी ठरलेली हेडिंग्ज. पुढच्या पानांवर वर शासन निर्णयाचा क्रमांक, खाली 'पृष्ठ ५ पैकी २'. तालुक्याच्या कचेरीत या निर्णयाच्या झेरॉक्स निघतात, त्यातलं एखादं पान अर्जाला जोडलं जातं, बाकीची फाइलीत राहतात. ते एकटं पान कुठून आलं आणि त्याच्या मागेपुढे किती पानं आहेत, हे त्या दोन ओळी सांगतात. ज्याला हक्कासाठी असा कागद दाखवावा लागतो त्याच्या दृष्टीने पानाच्या कडेवरची ती ओळ शोभेची नसते.

प्रबंधांचंही आता तेच झालं आहे. गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट या केंद्राच्या 'शोधगंगा' या संकेतस्थळावर देशभरातले प्रबंध मोफत वाचायला मिळतात, आणि तिथे बहुतेक प्रबंध प्रकरणागणिक वेगळ्या पीडीएफमध्ये असतात. वाचणारा त्याला हवं ते चौथं प्रकरण तेवढं उतरवून घेतो. सहा महिन्यांनी ती फाइल त्याच्या संगणकात सापडते. नाव म्हणजे एक क्रमांक आणि 'चॅप्टर' एवढंच. पानांवर हेडर नसेल तर हे कुणी लिहिलं, कुठल्या प्रबंधातलं, काही कळायला मार्ग नाही. ज्याला ते लिखाण उद्धृत करायचं आहे तो अशा वेळी ते सोडून देतो. म्हणून मी डाव्या पानावर प्रबंधाचं आखूड नाव आणि उजव्या पानावर प्रकरणाचं नाव असा हेडर ठेवते. प्रकरणाच्या पहिल्या पानावर हेडर लावायचा नाही, कारण तिथे मोठं हेडिंग असतंच; त्यासाठी प्रत्येक प्रकरण वेगळ्या सेक्शनमध्ये, म्हणजे फाइलच्या स्वतंत्र भागात, ठेवलं की 'डिफरंट फर्स्ट पेज' ही सोय आहे.

आणि प्रकरणाचं नाव हेडरमध्ये हाताने लिहायचं नाही. हे मला कुणी शिकवलं नव्हतं, धुंडाळताना सापडलं, आणि तेव्हापासून मी भेटेल त्याला सांगत असते. इन्सर्ट मेनूतल्या क्विक पार्ट्समध्ये फील्ड आहे, म्हणजे वर्ड स्वतः भरतो अशी जागा, त्यात 'स्टाइलरेफ'. त्याला 'हेडिंग १' सांगितलं की तो त्या पानावरचं हेडिंग उचलून वर ठेवतो. पानावर नसेल तर मागे जाऊन सर्वांत जवळचं शोधतो. प्रकरणाचं नाव बदललं की हेडर आपोआप बदलतो. शब्दकोशाच्या पानावर वर पहिला आणि शेवटचा शब्द असतो ना, तोही याच फील्डने करता येतो. प्रत्येक सेक्शनमध्ये 'लिंक टू प्रीव्हियस' तोडून, नावं एकेक करून भरणारे लोक पाहिले की वाईट वाटतं. एक दुवा तोडायचा राहिला तरी मागच्या प्रकरणाचं नाव पुढे सांडत जातं. सेक्शन लागतोच, पण तो प्रकरणाच्या पहिल्या पानावरचा हेडर काढायला, आणि सुरुवातीच्या पानांचे रोमन क्रमांक आणि मुख्य मजकुराचे क्रमांक वेगळे ठेवायला.

आता देवनागरीचं. इथे थोडं सविस्तर सांगते, कारण मराठीत काम करणाऱ्यांना याच ठिकाणी सर्वांत जास्त त्रास होतो आणि दोष स्वतःचा आहे असं वाटून ते स्टाइल वापरणंच सोडतात. वर्ड प्रत्येक स्टाइलमध्ये दोन फॉन्ट आणि दोन आकार बाळगतो, एक रोमन अक्षरांसाठी आणि एक 'कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट' म्हणजे देवनागरी, अरबी वगैरेंसाठी. तुम्ही हेडिंगची स्टाइल बदलायला उघडता, आकार वीस करता, ओके म्हणता, आणि मराठी हेडिंग जागचं हलत नाही. आकार रोमनचा वाढलेला असतो. त्याच खिडकीत एक छोटी यादी असते, तिच्यात 'कॉम्प्लेक्स' निवडून फॉन्ट, आकार आणि ठळकपणा पुन्हा द्यायचा असतो. यादी दिसत नसेल तर वर्डच्या भाषांमध्ये मराठी जोडलेली नाही असं समजायचं. लिबरऑफिसमध्ये हीच गोष्ट 'सीटीएल फॉन्ट' म्हणून येते, आणि तीही आधी भाषेच्या सेटिंगमध्ये चालू करावी लागते. एकदा हे कळलं की पुढची वाट मोकळी.

दुसरं, इंग्रजीतल्या युक्त्या इथे चालत नाहीत. इंग्रजी हेडिंग सगळं कॅपिटलमध्ये करून वेगळं काढता येतं. आपल्या लिपीत मोठी आणि छोटी अक्षरं नाहीत. तिरप्या अक्षरांची परंपरा नाही. बहुतेक फॉन्टमध्ये यंत्र सरळ अक्षरंच ढकलून वाकडी करतं, आणि काना-वेलांट्या डुगडुगल्यासारख्या दिसतात. अक्षरांमधलं अंतर वाढवलं तर शिरोरेखा तुटते. मोडी लिहिणारे आधी पानभर आडवी रेघ मारून घेत आणि मग तिला अक्षरं लटकवत. ती सलग रेघ आपल्या डोळ्याच्या सवयीत फार खोल बसलेली आहे. तुटक शिरोरेखेचं हेडिंग मला वाचवत नाही. आणि ओळींमधलं अंतर 'एक्झॅक्टली' करून ठरावीक ठेवलं, तर मोठ्या आकाराच्या हेडिंगमध्ये वरचा रफार आणि वेलांटी कापली जाते, 'विद्यार्थी' मधला 'र्थी' अर्धा गायब होतो. 'अॅट लीस्ट' किंवा 'मल्टिपल' ठेवावं.

मग आपल्या हातात राहतं काय? आकार, जाडी, रंग आणि मोकळी जागा. यातली जागा ही सर्वांत दुर्लक्षित, आणि माझ्या मते सर्वांत कामाची. हेडिंगच्या वर जास्त जागा, खाली कमी. ते ज्या मजकुराचं आहे त्याला बिलगून असावं, आधीच्यापासून दूर. वरखाली एकसारखी जागा सोडली की हेडिंग अधांतरी राहतं. मी मजकूर बारा ठेवते, मुद्द्याचं हेडिंग तेरा ठळक, उपप्रकरण पंधरा, प्रकरण वीस. चार पायऱ्या पुरतात. पाचवी लागायला लागली तर मांडणीपेक्षा प्रकरणाच्या रचनेकडे बघावं. विंडोज २००० सोबत आलेला 'मंगल' हा फॉन्ट र. कृ. जोशींनी रेखाटला, त्यांच्यासारख्या सुलेखनकाराच्या हातून पडद्यावरची देवनागरी घडली याचा मला अभिमान वाटतो. आता तर मुंबईच्या 'एक टाइप' या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचा 'मुक्त' मोफत मिळतो, त्यात बारीकपासून अतिठळकपर्यंत वजनं, म्हणजे जाडीच्या पायऱ्या, आहेत. वजनांचा असा जिना हाताशी असला की हेडिंगला अधोरेखनाची गरजच उरत नाही. तसंही अधोरेखन उकाराला छेदून जातं.

जुन्या फॉन्टमधल्या फाइलींबद्दल एवढंच सांगते. युनिकोड ही अक्षरांची जागतिक संकेतपद्धत येण्यापूर्वीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर पानावर मराठी दिसतो, पण फाइलच्या आत रोमन अक्षरं आणि विरामचिन्हं असतात. त्यांना हेडिंगची स्टाइल लावली की नेव्हिगेशन पेनमध्ये ती खिचडी उघडी पडते. आधी युनिकोडमध्ये रूपांतर, मग मुद्रितशोधन, मग हेडिंग्ज. हा क्रम मोडू नये.

या सगळ्याचं महत्त्व मला सर्वांत स्पष्ट कळलं ते एका अंध संशोधकाच्या शेजारी बसून. ते एनव्हीडीए वापरतात. मायकेल करन या स्वतः अंध असलेल्या ऑस्ट्रेलियन तरुणाने २००६ साली सुरू केलेला हा मोफत स्क्रीनरीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारा प्रोग्राम, मराठीही वाचतो. त्यांनी एक फाइल उघडली, ब्राउझ मोड चालू केला आणि 'एच' हे एकच बटण दाबत गेले. आवाज एकेक हेडिंग आणि त्याची पातळी सांगत गेला. २ दाबलं की फक्त दुसऱ्या पातळीवरची. मिनिटभरात त्यांनी सगळ्या प्रबंधाचा नकाशा ऐकला, हवा त्या मुद्द्यावर थांबले आणि वाचायला लागले. त्यांचा वेग माझ्यापेक्षा जास्त होता. मग त्यांनी दुसरी फाइल उघडली, नुसत्या ठळक अक्षरांच्या हेडिंग्जची. 'एच' दाबलं. पुढे एकही हेडिंग नाही, असं यंत्राने सांगितलं. त्यांनी पुन्हा दाबलं नाही. बाणाचं बटण धरून ओळीमागून ओळ ऐकू लागले, पहिल्या पानापासून. जी गोष्ट डोळस माणूस पानं चाळून दोन मिनिटांत शोधतो तिच्यासाठी त्यांना अख्खी दुपार लागणार होती, आणि याबद्दल त्यांनी तक्रारही केली नाही; त्यांना त्याची सवय होती. मला मात्र फार लागलं. तो प्रबंध लिहिणाऱ्याने हेडिंग्जवर कष्ट घेतलेच होते. तेच कष्ट, त्याहून कमीच, योग्य बटणावर पडले असते तर ही दुपार वाचली असती.

त्यांच्याकडून आणखी एक कळलं. हेडरमधला मजकूर स्क्रीनरीडर ओघात वाचत नाही. तेव्हा प्रकरणाचं नाव फक्त हेडरमध्ये टाकून भागत नाही. मजकुरात ते हेडिंग म्हणून असायलाच हवं. हेडर हा सुट्या पानाचा सोबती, हेडिंग हे वाचणाऱ्याचं.

दिसणं आणि असणं वेगळं ठेवावं, हा विचार संगणकाच्या जगातही जुना आहे. १९६७ साली विल्यम टनिक्लिफ यांनी कॅनडाच्या सरकारी मुद्रणालयातल्या एका सभेत मजकुराची रचना आणि त्याचं रूप वेगळं नोंदवावं असं मांडलं. दोन वर्षांनी आयबीएममध्ये चार्ल्स गोल्डफार्ब, एडवर्ड मोशर आणि रेमंड लोरी यांनी वकिलांच्या कागदपत्रांसाठी तशी खुणांची पद्धत बांधली. तिच्यातूनच १९८६ चं एसजीएमएल, म्हणजे अशा खुणांची प्रमाण भाषा, आलं, आणि त्याच वाटेने पुढे वेबपानांवरची एच१ ते एच६ ही हेडिंग्ज. मोबाइलवर आपण रोज जी पानं वाचतो त्यांच्या पोटात या खुणा आहेत. आपल्या प्रबंधातही त्या असाव्यात, ही काही मोठी मागणी नाही.

खुणा लावून झाल्या की हेडिंग्जमधल्या शब्दांकडे लक्ष जातं, आणि खरी मौज तिथे आहे. ऊसतोड कामगारांच्या मुलांच्या शिक्षणावर काम करणाऱ्या एका मुलीची फाइल माझ्याकडे होती. हेडिंग्ज लावली आणि यादी दोघींनी मिळून वाचली. प्रस्तावना, माहितीचे विश्लेषण, निष्कर्ष. पुढच्या प्रकरणात पुन्हा प्रस्तावना, माहितीचे विश्लेषण, निष्कर्ष. गावं, मुलं, कोयता, शाळा यांतलं काही त्या यादीत नव्हतं. मी तिला म्हटलं, 'अगं, या भागात तू काय पाहिलंस ते मला सहा-सात शब्दांत सांग.' ती म्हणाली, 'ताई, घरचे ऊसतोडीला निघाल्यावर शाळेच्या हजेरीचं काय होतं ते.' तेच लिहिलं: 'स्थलांतराच्या महिन्यांतली हजेरी'. त्याच्या पुढच्या भागाला 'गावी परतल्यानंतरचा वर्ग'.

अशी सात-आठ हेडिंग्ज बदलल्यावर ती थबकली. हजेरी आणि परतणं यांच्या मधल्या काळात मुलं कारखान्यावर असतात, तिथल्या साखरशाळांचं, म्हणजे या मुलांसाठी कारखान्यावर भरणाऱ्या शाळांचं, काय, हा मुद्दा प्रकरणात कुठेच नव्हता. माहिती होती तिच्याकडे, भरपूर होती. मुलाखतींची टिपणं परिशिष्टात पडून होती. 'विश्लेषण' या नावाखाली ती उणीव कुणाला दिसली नव्हती, तिच्या गाइडनाही नाही. तिने दहा दिवस बसून तो भाग लिहिला, ४.३ म्हणून मध्ये घातला, आणि पुढचे क्रमांक आपोआप एकेकाने सरकले.